किल्ल्याच्या दारात न घेतलेलं नाव

मी आदिलाबादला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भूत, बाधा, करणी असले विषय निघाले की टिंगल करण्यात मीच सगळ्यात पुढे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे... पण लिहिल्याशिवाय चैनही पडेना.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. मी, बायको स्मिता आणि आई-बाबा असे चौघं नार्नूरच्या पुढच्या एका किल्ल्यावर गेलो. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर रीलवाले तिथेही पोचतील. किल्ला गोंड राजांचा. इतक्या शतकांनंतरही तट सलग उभा, बुरूज शाबूत, आणि दरवाजावर हत्तीला पंजाखाली दाबणारा सिंह तर काल कोरल्यासारखा! निजामाच्या काळात आत कचेरी होती. बाबा स्वतः महसूल खात्यातून गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे अधिकारी, म्हणून रिटायर झालेले. 'इथं पेशकार बसे, इथं दफ्तर राहे' असं सांगत ते ऐटीत पुढे चालत होते. पश्चिमेच्या बुरुजावर तर बराच वेळ एकटेच उभे राहिले.

निघताना किल्ल्याची चावी सांभाळणारे म्हातारे मामा आडवे आले. तिथली एक रीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने आधी उंबऱ्याबाहेर यायचं, मग आतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारून घरी बोलवायचं. त्याने 'आलो' म्हणायचं आणि उंबरा ओलांडायचा.

"मोठा किल्ला हाय बाई," मामा म्हणाले. "हाक नाई मारली तं आंग बाहेर येते, मानूस आतच राह्यते."

आईला असल्या गोष्टींची हौस. "संजू, चल घरी. स्मिता, चल घरी." आम्ही हसत 'आलो', 'आली' म्हणत बाहेर आलो. मग बाबांकडे बघून ती चक्क लाजली. "अन् तुमी... तुमी बी चला."

"नाव घ्या ना बाई त्यायचं."

बाबांचं नाव मारोती. लग्नातल्या उखाण्यानंतर आईने ते कधी उच्चारलेलं नाही. देवळातल्या मारोतीलाही ती हनुमानजीच म्हणते. मला सपाटून भूक लागली होती. "राहू द्या मामा, पोचली हाक," असं मीच म्हणालो. बाबा मुकाट्याने बाहेर आले. मामांनी मान हलवली आणि दरवाजाला कुलूप घातलं.

त्या संध्याकाळपासून बाबांचं काहीतरी बिनसलं. पायात चपला घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. पलंगाकडे फिरकायचे नाहीत. मिठावरून रोज कटकट करणारा माणूस, आता पानात पडेल ते निमूट खायचा. दर थोड्या वेळाने विचारायचे, "निघायचं ना? घरी कदी जायचं?"

"हे घरच आहे ना बाबा," मी म्हणायचो. ते परक्यासारखे भिंतींकडे बघत राहायचे.

डॉक्टर झाले, स्कॅन झाला. सगळं नॉर्मल. 'वय आहे, थोडं कन्फ्युजन होतं' म्हणाले. मलाही ते पटलं... म्हणजे मी पटवून घेतलं. पण नवव्या दिवशी सकाळी बाबा आईला म्हणाले, "बाई, जरा पानी मिळंल का?"

बाई! आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. इतक्या वर्षांत मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. तिने पाणी दिलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "संजू, गाडी काढ."

बाबांपाशी स्मिताला ठेवून आम्ही दोघं निघालो. पोचलो तेव्हा दुपारचे अडीच. दरवाजाला कुलूप, मामांचा पत्ता नाही. उंबऱ्यासमोर आई उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला, तोंड उघडलं... शब्दच फुटेना. मला स्वतःचा भयंकर राग आला. त्या दिवशी दोन मिनिटं थांबलो असतो तर!

"मारोती!" शेवटी ती ओरडली. "ओ मारोती! चला घरी!"

आणि कुलूपबंद दरवाजाच्या आतून आवाज आला, "आलो."

बाबांचा आवाज. शपथेवर सांगतो, माझ्या बापाचा आवाज मला ओळखू येतो.

मी फटीतून पाहिलं. आत कोणी नव्हतं. आई मात्र गाडीकडे गेली, तिने मागचं दार उघडलं, जरा थांबली, हळूच लावलं आणि दुसऱ्या बाजूने येऊन बसली. परतीच्या रस्त्यात मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

घरी स्मिता दारातच उभी होती. "अडीचच्या सुमाराला खुर्चीवरच मान टाकली हो त्यांनी. श्वास आहे, पण उठवून उठत नाहीत!" आम्ही आत गेलो, तसे बाबांनी डोळे उघडले. चपला काढल्या. आईकडे पाहिलं आणि असे रडले, की मी आयुष्यात त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

"किती उशीर केला व!" ते म्हणाले. "या दोघायला हाका मारल्या, मलेच नाई. नऊ दिवस त्या बुरुजावर उभा हाय मी. काऊन सोडून गेले तुमी मले?"

बाबा आता ठणठणीत आहेत, मिठावरून पुन्हा कटकट करतात. आईला मात्र एक गोष्ट मी अजून विचारलेली नाही. बाबा नऊ दिवस तिथे उभे होते, तर आमच्या घरात दोन्ही वेळा जेवत होतं ते कोण... आणि त्या बिचाऱ्याला कुठल्या घरी जायचं होतं?