तुकाबाईनं जोडलेली पिशवी

माले गावच्या तुकाबाईच्या हातून कधी काही फेकलं गेलं नाही. मेंढरांमागं पालं ठोकत वीस वर्षं हिंडलेली बाई. रानात ना दुकान ना कारागीर, मोडेल ते आपणच जोडायचं ही सवय हाडात भिनलेली. गळक्या हंड्याला डांबर, तुटक्या चपलेला टायरची पट्टी. आता मेंढरं विकली होती, बारा शेरडं राहिली होती, ती तिचा नवरा म्हसू माळावर न्यायचा. तुकाबाई गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर झाडलोट करायची.

तिथल्या वैभवी मॅडमनी शेकायची रबरी पिशवी कचऱ्यात टाकली, ती तिनं मागून घेतली.

"अहो तुकाबाई, गळते ती."

"गळू द्या. बघते मी."

थंडीत म्हसूचे पाय गार पडायचे. "मुंग्या आल्यागत हुतंय," तो दोन वर्षं म्हणत होता. त्याला साखरेचा आजार होता, दवाखान्यातून गोळी दिलेली होती, ती आठवली तर घ्यायचा.

पिशवी बुचापाशी झिरपत होती. तुकाबाईनं जुन्या स्लिपरचा गोल तुकडा कापून वायसर बसवला. बुचाची गळती थांबली, तर बुडाची जोड गळायला लागली. तिथं एमसील थापलं. ते वाळलं आणि पिशवी वाकवताच तडकलं. मग तिनं थोरल्या लेकाकडून, सिद्धनाथकडून, पंक्चरचं सोल्युशन आणि जुन्या ट्यूबचा तुकडा मागून घेतला. रबर घासलं, सोल्युशन लावलं, पॅच चिकटवून वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी गार पाणी भरून पिशवी खुंटीला टांगली. संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही. आठवडाभर तिनं कोमट पाण्यानं म्हसूचे पाय शेकले.

पौषातल्या एका सकाळी गारठा लई होता. तिनं चुलीवरचं उकळतं पाणी तसंच पिशवीत ओतलं. म्हसू ओट्यावर बसला, पिशवीवर पाय ठेवले, वर घोंगडं ओढलं आणि चहा प्यायला लागला. ती आत भाकरी थापायला गेली.

दोन भाकऱ्या झाल्यावर ती बाहेर आली, तर ओट्याच्या पायरीवरून पाणी वाहत होतं आणि त्यातून वाफ निघत होती. तिला आधी वाटलं, चहाचं भांडं कलंडलं. पण म्हसूच्या हातात कप होता आणि तो निवांत समोरच्या शेरडांकडं बघत होता.

तिनं घोंगडं उचललं. लोकरीला चिकटून त्याच्या उजव्या पायाची कातडी सोलून आली.

पॅच एका बाजूनं सुटून लोंबत होता. पाऊल लालभडक झालं होतं, बोटांवर फोड आले होते.

"काय झालं?" म्हसूनं विचारलं.

"अवो, पाय भाजलाय तुमचा."

त्यानं वाकून पाहिलं. आपलं नव्हे, दुसऱ्याचंच पाऊल पाहावं तसं पाहिलं. "भाजलाय व्हय? मला तर कायच कळलं न्हाई."

भाजल्यापेक्षा त्या बोलण्यानं ती जास्त हादरली. तिनं सिद्धनाथला हाक मारली. त्यानं जीप आणली आणि दोघांना पौडच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली. म्हसू छताकडं बघत पडला होता, हूं की चूं नाही. मग ती म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. मी डाव्या पायाला हात लावला की हो म्हणायचं."

तिनं नायलॉनचा बारीक दोरा अंगठ्याला टेकवला. मग करंगळीला, चवड्याला, टाचेला. म्हसू गप्प. तुकाबाई पदर तोंडात धरून बघत होती.

थोड्या वेळानं म्हसू म्हणाला, "लावा की हात. डोळं मिटलंत मी."

डॉक्टरणीनं तळवा उजेडाकडं वळवला आणि चिमट्यानं टाचेतून बाभळीचा काटा काढला. काळा पडलेला, नखाएवढा. कितीतरी दिवस तो त्याच्यावर चालत होता.

"माझ्या पॅचनं केलं हे," तुकाबाई म्हणाली.

"पॅचनं भाजलं, खरं आहे. रबराच्या जुन्या पिशवीत उकळतं पाणी कधीच भरू नका. पण पाय जागा असता तर बाबांनी लगेच मागं घेतला असता. साखरेनं पायाच्या नसा मेल्यात. त्यांना आता कळणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल."

तिला मागचा शिमगा आठवला. म्हसू एकच चप्पल घालून माळावरून आला होता, दुसरी कुठं पडली त्याला पत्ता नव्हता. साऱ्या आळीसकट तीही पोट धरून हसली होती.

जखम भरायला चार महिने लागले. करंगळी गेली, पाऊल वाचलं. शेरडं सिद्धनाथनं सांभाळली. म्हसू गोळ्या वेळेवर घ्यायला लागला, कारण तुकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राही. रोज सकाळी ती त्याला अंगणात उन्हात बसवून तळवे बोटाबोटानं तपासायची. पहिले काही दिवस म्हसू लाजून मान वळवायचा, पुढं आपणच पाय पसरायला लागला.

शेजारच्या भिवाजीलाही साखर होती. एकदा तो बोलत बसला असताना तिनं त्याला डोळे मिटायला लावले आणि केरसुणीची काडी त्याच्या पायाला टेकवली. उजव्याला तो बरोबर हो म्हणाला. डाव्याला तिनं तीनदा काडी लावली, तो आपला भाताच्या भावाचं बोलतच राहिला. तुकाबाईनं काडी खाली ठेवली.

"भावजी," ती म्हणाली, "उद्या माझ्यासंगं पौडला चला."