तांबड्या फडक्यातले चाचे

“बाया हो, हात सोडा. पोथी संपली. आता चाचे येऊन राह्यले.”

अध्याय संपला की आत्याबाई असं म्हणायच्या, पोथी तांबड्या फडक्यात गुंडाळून कपाळाला लावायच्या आणि शेजारचं दुसरं गाठोडं सोडायच्या. तेही तांबड्याच फडक्यातलं. त्यात समुद्री चाच्यांच्या गोष्टी असायच्या. समोर बसलेल्या आम्ही दहा-बारा बायका सवयीनं हात जोडूनच असायचो. एकदोघींचे तर जहाज लुटून झालं तरी सुटायचे नाहीत.

भावाच्या मुलांच्या त्या आत्या, म्हणून मलकापुरातल्या आमच्या सगळ्या गल्लीच्या आत्याबाई. लग्न झालं आणि दोन वर्षांत माहेरी परत आल्या. का आल्या ते गल्लीनं सगळ्यांना विचारलं, त्यांना सोडून. बालवाडीत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. भावाच्या घरात रस्त्याकडची खोली त्यांची होती, आणि त्या खोलीतून घरातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं.

अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल, आठवून पाहा. हळदी-कुंकवाला तिला बोलवत नाहीत. ओटी भरायला तिचा हात चालत नाही. पण पोथी वाचायची असली की तिच्यावाचून पान हलत नाही. आत्याबाईंचा आवाज स्वच्छ होता. उगाच गहिवर आणायच्या नाहीत, आणि शब्द असे सुटे सुटे म्हणायच्या की न शिकलेल्या बाईलाही कळावं.

चाचे त्यांच्याकडे आले रद्दीतून. गावातल्या वाचनालयानं परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी खोली मोकळी करायची म्हणून जुने दिवाळी अंक बाहेर काढले. आत्याबाई तीन दिवस तिथल्या फरशीवर बसल्या आणि प्रत्येक अंकातून फक्त चाच्यांच्या कथा काढून घेतल्या. प्रेमाच्या, सासू-सुनेच्या, शहाण्या माणसांच्या सगळ्या कथा तिथेच ठेवल्या. घरी आणून दाभणानं शिवल्या, वर-खाली पुठ्ठा लावला आणि पोथीच्या फडक्यातलंच उरलेलं कापड गुंडाळलं.

“चाचेच काऊन, आत्याबाई?” मी एकदा विचारलं होतं.

“त्यायले कोणी विचारत नाई, कुठं चाल्ले म्हणून,” त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

आमच्यातल्या बहुतेकींनी समुद्र पाहिला नव्हता. त्यानं काही अडलं नाही, कारण त्या कथांमधले निम्मे चाचे समुद्रावर नव्हतेच. एक टोळी ढगांवरून गलबत हाकायची आणि पाऊस लुटून दुष्काळी मुलखात विकायची. एक टोळी कुठल्याशा ग्रहाभोवतीचा बर्फ चोरायची. एका कथेत लोकांची झोप पळवणारा चाचा होता, आणि लुटलेली सगळी झोप पेटाऱ्यात भरून तो स्वतः मात्र जागाच राहायचा. त्या दिवशी समोरच्या शोभाताईंनी पदरानं डोळे पुसले. पोथी ऐकताना त्यांना मी रडताना कधी पाहिलं नाही, पेंगताना पाहिलं.

“आत्याबाई, त्या जहाजात नळ कितव्या दिवशी येते?” कोणीतरी विचारायचं.

आत्याबाई हसायच्या नाहीत. पान मागं उलटून बघायच्या. “लिहिलं नाई. पण चाचे आहेत, टाक्या भरूनच ठेवत असतीन.”

आरती झाल्याशिवाय पोथीवरून उठायचं नाही, ही रीत. आमच्यातल्याच कोणीतरी हुशारी केली आणि आरती चाच्यांच्या नंतर नेली. म्हणजे घरी विचारलं तर सांगता यायचं, आरती आत्ता झाली. शोभाताईंनी तर एकदा घाईत दुसऱ्या गाठोड्यालाच हळद-कुंकू वाहिलं. त्या ओशाळल्या, तर आत्याबाई म्हणाल्या, “राहू द्या. त्यायले तरी दुसरं कोण वाहणार आहे?”

दुपारी तीन ते चार. मी पिको-फॉलचं मशीन बंद करून सासूबाईंना “पोथीला जाते” म्हणायचे. पोथी म्हटलं की त्यांना नाही म्हणता यायचं नाही. दिवसातला तेवढा एक तास माझा होता. प्रत्येकीची हीच कथा होती, आणि हे आम्ही एकमेकींनाही कधी बोलून दाखवलं नाही.

मग अधिक महिना आला. शोभाताईंचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. त्यांनी संकल्प सोडला, महिनाभर आपल्याच घरी पोथीचं श्रवण करायचं, रोज एक अध्याय, आणि शेवटी तेहतीस अनारशांचं वाण. आत्याबाई त्यांच्या बैठकीत पाटावर बसायला लागल्या. त्यांच्यापुढं समई, पंखा त्यांच्याकडे तोंड करून. भावाच्या घरी त्यांच्यासाठी पंख्याचं तोंड कोणी फिरवलं नव्हतं. महिनाभर त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या.

पहिले आठ दिवस अध्याय पूर्ण व्हायचा. मग अर्धा व्हायला लागला.

“अध्याय कुठं पळून जाते का?” हे म्हणणाऱ्या शोभाताईच. मी माझ्या कानांनी ऐकलंय. “त्या जहाजाचं काय झालं ते सांगा आधी.”

“नको बाई, संकल्प आहे तुमचा.”

“मी सांगून राह्यली नं. वाचा तुम्ही.”

आणि आम्ही सगळ्या, “वाचा आत्याबाई, वाचा.” मीसुद्धा. माझाच आवाज मोठा असेल.

महिना सरत आला तेव्हा पोथीतलं मोरपीस मध्यावरच होतं. आत्याबाई घाबरल्या. “बाया हो, पुष्कळ अध्याय मागं राह्यले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घरी वाचून घ्या, देवाले तेवढंच पोचते,” शोभाताई म्हणाल्या. आत्याबाईंनी खरंच वाचले. दोन सकाळी अंघोळ करून, दिवा लावून, अन्नाचा कण न घेता, एकट्या बसून त्यांनी उरलेले सगळे अध्याय मोठ्यानं वाचले. त्यांच्या खिडकीवरून पाणी भरायला जाताना मी ते ऐकलं. थांबले मात्र नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक नवी कथा काढली. आकाशातल्या गलबतावरची कप्तान एक म्हातारी बाई. नकाशात नसलेल्या एका ग्रहावर ती एकटीच दोराला धरून उतरते, आणि वर खलाशांत वाद सुरू होतो, दोर ओढायचा की कापायचा. इथं अनारशांची ताटं बाहेर आली. आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. “पुढचं सोमवारी.”

त्या सोमवारी कोणीच जमलं नाही. भरतीची यादी लागली होती आणि शोभाताईंच्या मुलाचं नाव तिच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शोभाताई आत्याबाईंच्या भावाच्या दारात उभ्या राहिल्या. गल्ली गोळा झाली. माझ्या सासूबाई आल्या, म्हणून मीही गेले. शोभाताई रडत होत्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पोरगा पहाटे उठून धावायचा, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

“देवाच्या नावानं चोर-लुटारू ऐकवले यायनं आमाले,” त्या म्हणाल्या. “माह्या पोराचं वाटोळं केलं.”

“मी सगळे अध्याय वाचले,” आत्याबाई म्हणाल्या. “घरी वाचले. उपाशी वाचले.”

“वाचले असतीन. ऐकले कोणी?”

संकल्प श्रवणाचा होता. आत्याबाईंनी आमच्याकडं पाहिलं. एकेकीकडं, शांतपणे, बालवाडीत हजेरी घेताना बघतात तसं.

भावानं विचारलं, “तुमाले माहीत होतं का हे?”

“आमाले वाटे पोथीतलंच आहे,” एक म्हणाली. “आम्ही तं डोळे मिटून ऐकत होतो,” दुसरी म्हणाली. ग्रहाचा बर्फ आणि उडतं गलबत पोथीत कसं आलं, असं तिला कोणी विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं कोणाला. शेवटी भाऊ माझ्याकडं वळला. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, “माझं लक्षच नसायचं. आरतीपुरती जायचे मी.”

पाच शब्दांचं खरं बोलले असते तर काय झालं असतं? सासूबाईंनी चार दिवस तोंड फिरवलं असतं. माझा तो एक तास गेला असता. तो तसाही गेला, कारण त्यानंतर आमच्या गल्लीत पोथीच बसली नाही. आत्याबाईंना विकून मी जे वाचवायला गेले, तेही माझ्या हाती राहिलं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी स्वतःला जे म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भावानं पोथी आपल्या देवघरात नेऊन ठेवली. दुसरं गाठोडं भावजयीनं अंघोळीच्या बंबात घातलं. पुठ्ठा लवकर पेटत नव्हता, असं ती नंतर नळावर सांगत होती, आणि आम्ही ऐकत होतो.

त्यानंतर आत्याबाईंच्या खोलीचं रस्त्याकडचं दार लागलं. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. उलट, दिसल्या की सगळ्या फार गोड बोलायच्या. त्या मान हलवायच्या. शोभाताईंच्या मुलाचं पुढच्या भरतीत नाव लागलं, तेव्हा गल्लीभर पेढे वाटले गेले. त्यांच्याही दारात पुडा आला. त्यांनी तो घेतला आणि “चांगलं झालं” म्हणाल्या. त्या पोरावर त्यांचा राग कधीच नव्हता.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. तेराव्याला आम्ही सगळ्या बसलो होतो. “पोथी काय वाचायच्या आत्याबाई,” शोभाताई म्हणाल्या, “ऐकत राहावं वाटे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. चाच्यांचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

पण मी त्यांना एकदा भेटले होते, जायच्या तीनेक महिने आधी. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांची साडी फॉल लावायला माझ्याकडे आली होती, ती परत द्यायचं निमित्त करून गेले. भावजय बाजारात गेली होती. आत्याबाई खाटेवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. मी साडी ठेवली आणि उभीच राहिले. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून ती निघेना. मग मी जरा जवळ जाऊन हळूच विचारलं, “आत्याबाई, त्या म्हातारीचं काय झालं हो पुढं? दोर ओढला का त्यायनं?”

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. चष्मा पुसतील आणि सांगायला लागतील. मग आम्ही दोघी पुन्हा पहिल्यासारख्या होऊ, आणि माफी न मागताच माझं काम होऊन जाईल. इतका सोपा हिशेब मी मनात मांडून गेले होते.

त्यांनी डाळीतला खडा काढला, बाजूला ठेवला. माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेऊन घरी गेले असते.

“कोणती म्हातारी, बाई?” त्या म्हणाल्या. “मी तं पोथीच वाचत होती. तुम्हीच नाई सांगतलं का सगळ्यायले?”

मग त्यांनी ताट मांडीवर सारखं केलं आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.