खोटी अडचण

लग्नाला दोन वर्षं झाली आणि माझ्या शरीरात रक्तच तयार होईना. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात धाकट्या भावाच्या हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी मला दिल्या. त्याआधी द्यायच्या कडक औषधांनी पाळी कायमची जाऊ शकते, म्हणून ती माझ्यासाठी जरा सौम्य ठेवली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यामुळे पाळी परत येऊ शकते, मूलही होऊ शकतं. पण खात्री देता येत नाही." शेजारी वडील बसले होते. मी मान खाली घातली, पुढे काही विचारलंच नाही.

नाशिकला, सातपूरच्या घरी आले तेव्हा पाळी बंदच होती. सासूबाई शिवाशीव पाळायच्या. अडचण आली की मागच्या खोलीत बसायचं, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. पहिला महिना कोरडा गेला तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. उलट मी दर महिन्याला "अडचण आहे" म्हणून मागे जाऊन बसू लागले. सासूबाई ताट वाढून उंबऱ्यापाशी ठेवायच्या. यांना सगळं ठाऊक होतं. म्हणायचे, "आईला सांगून टाक एकदाचं."

"पुढच्या महिन्यात सांगते."

असं दीडेक वर्ष गेलं. एकदा अशीच खोटी बसलेली असताना उलट्या सुरू झाल्या. आजार परतला, असंच मला वाटलं. सासूबाई दारात आल्या. "ऊठ, दवाखान्यात जाऊ."

"आई, शिवू नका. अडचण आहे."

"कसली अडचण? इतक्या दिवसांत तुझा एक कपडा दोरीवर वाळताना दिसला नाही मला."

त्यांनी दंडाला धरून उठवलं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू झाकत होतीस. मी कशाला उघडं करू?"

सोनोग्राफीत कळलं, तिसरा महिना होता. पाळी दिसण्याआधीच दिवस गेले होते. डॉक्टर म्हणाल्या, असंही होतं. सासूबाईंनी तिथेच हात जोडले. मला आनंद व्हायला हवा होता. पण रिक्षात त्यांच्या शेजारी बसायचीही लाज वाटत होती. घरी येईपर्यंत मी बाहेरच बघत राहिले.

मुलगी पूर्ण दिवसांची, ठणठणीत झाली. बारशाला कुणीतरी विचारलं, "एवढ्या आजारातून उठून हिला मूल कसं झालं?"

"माझी सून धीराची आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी पाळण्याची दोरी ओढत राहिले. त्यांच्याकडे बघायचा धीर काही झाला नाही.