अँब्रोजचा नवा दोर

अँब्रोज सगडनला माणसं ओळखता येत नसत, पण दोर हातात आला की तो त्याची कुंडली मांडायचा. सगळी हयात यॉर्कशरात पडद्यांच्या दुकानात गेलेली, त्यामुळे दोरही आधी गालावर घासून बघायचा. "हा निळा पाण्यावर तरंगतो, बोटीच्या पंख्यात अडकत नाही, पण तळहात सोलून काढतो मेला! हा पांढरा ताण सोसतो, काठाला बोट बांधायला झकास. कालव्याच्या लॉकसाठी मात्र लांबलचक हवा." हे ज्ञान न विचारताही मिळायचं.

कालव्यावर फिरायच्या त्याच्या छोट्या बोटीचं नाव होतं 'एनिड'. बोटीला बायकोचं नाव दिलं की नवऱ्याची सगळी कर्तव्यं संपली, अशी त्याची प्रामाणिक समजूत. खरी एनिड पुढच्या टोकाला दोर घेऊन उभी राहायची आणि हा मागे सुकाणूवरून बोंबलायचा. कालव्यावरच्या निम्म्या जोडप्यांचा संसार असाच चालतो म्हणा.

पण त्या दिवशी सकाळी बूट चढवता चढवता एनिड म्हणाली, "आज एकदा जरी ओरडलास ना, तर उतरून सरळ बस पकडीन. पुन्हा या बोटीवर पाय ठेवणार नाही. मग कर संसार तुझ्या दोरांशी!"

अँब्रोज हसला, पण हातातला चहाचा कप त्याने खाली ठेवला. ही नसेल तर बोटीवर चहा तरी कुणाबरोबर प्यायचा? त्याने डोकं चालवलं. पुढचा दोर आपणच बघितला तर ओरडायचा प्रश्नच येत नाही!

दुपारी लॉक आलं. कालवा जिथे खालच्या पातळीला उतरतो तिथली ती दोन दारांची दगडी टाकी. बोट आत घ्यायची, दार लावायचं आणि पाणी सोडून बोटीला हळूहळू खाली उतरू द्यायचं. अशा वेळी दोर काठावरच्या खुंट्याला नुसता वळसा घालून हातात धरायचा आणि पाणी उतरेल तसा सैल सोडायचा. बांधायचा कधीच नाही. हे अँब्रोजने अख्ख्या कालव्याला शिकवलं होतं, बदकं तेवढी सुटली असतील.

पण दोर होता कोरा, पांढराशुभ्र, लोण्यासारखा मऊ. शिवाय काठावरच्या बाकावर नेहमीची रिकामटेकडी मंडळी गंमत बघायला जमलेली. अँब्रोजला राहवेना. त्याने खुंट्याला अशी देखणी गाठ मारली की एक म्हातारी "वा!" म्हणाली. झालं! स्वारी तरंगतच मागे सुकाणूवर आली आणि ती गाठ कोणती, हे बाकाला समजावून सांगू लागली. तेवढ्यात लॉक सांभाळणाऱ्या क्लिफर्डने पाणी सोडलं.

बोटीची मागची बाजू खाली चालली, पुढचं नाक मात्र वरच लटकलं. आतून किटली घरंगळत आली, तिच्यामागून मांसाची कचोरी. पुढे एनिड दोन्ही हातांनी कठड्याला लोंबकळत होती.

"अरे शहाण्या, दोर बांधलास?" क्लिफर्डने धावत पाणी बंद केलं. "काप तो!"

"नवा आहे रे!" अँब्रोजच्या तोंडून निघून गेलं.

सगळा बाक एनिडकडे बघायला लागला. ती लोंबकळतच बसच्या रस्त्याकडे बघत होती. आता मात्र अँब्रोजचं धाबं दणाणलं. पाव कापायची सुरी घेऊन तो गुडघ्यांवर छपरावरून वर सरपटला आणि त्याने दोर कापला. धप्पकन बोटीचं नाक पाण्यात आपटलं आणि दोघं नखशिखांत भिजली.

उरलेलं पाणी उतरून दार उघडलं, तशी एनिड निथळत मागे आली.

"चुकलं गं माझं. जाऊ नकोस," अँब्रोज म्हणाला.

"बसला अवकाश आहे. तोवर तू पुढे जा. सुकाणू मी धरते."

अँब्रोज कापलेला दोर घेऊन पुढे जाऊन उभा राहिला. बोट निघाली. जरा वेळाने त्याने वळून पाहिलं, तर एनिड ओरडत होती. तोंड हलतंय, हात उडतायत, चेहरा लालबुंद. इंजिनाच्या धडधडीत शब्द म्हणून एक कळत नव्हता.

"काय?" तो किंचाळला. ती आणखीच चिडलेली दिसली. "अगं, काय?"

शेवटी तिने इंजिन बंद केलं.

"म्हटलं, दोर पायात आलाय, पडशील."

"मला काहीच ऐकू आलं नाही."

"मलाही इतकी वर्षं आलं नाही, अँब्रोज. तू चिडलायस एवढंच दिसायचं." तिने ओल्या बाहीने नाक पुसलं. "उद्यापासून हाताने खुणा करायच्या."

'उद्यापासून' हा शब्द ऐकला आणि अँब्रोजला रडूच फुटलं.