फळ्यावरची नऊ मिनिटं

भगवंतरावांच्या दुकानातल्या फळ्यावर ‘विठोजी इंगळे’ या नावापुढे शून्य लिहिलं होतं, आणि दुकानात जमलेल्या सगळ्यांना तो विठोजींचा मोठा मान वाटत होता.

भगवंतरावांचं सायकलींचं दुकान चिकपेटेत होतं. पंक्चर काढणं आणि वाकडी चाकं सरळ करणं हा त्यांचा धंदा, आणि रविवारी शर्यती भरवणं हा नाद. शर्यत हँडिकॅपची असायची. अशी शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हिच्यात सगळे एकदम सुटत नाहीत. सगळ्यांत मंद गडी आधी सुटतात, मग त्यांच्याहून बरे, आणि पट्टीचे सगळ्यांत शेवटी. कोणाला किती मिनिटं आधी सोडायचं ते भगवंतराव ठरवायचे आणि खडूनं फळ्यावर लिहायचे. त्यांचा अंदाज बरोबर आला तर शेवटच्या फर्लांगात म्हातारे, पोरं, चॅम्पियन सगळे एका ठिकाणी येतात, आणि बघणाऱ्यांना कोण जिंकणार ते कळत नाही. ज्याच्यापुढे शून्य, त्याला कसलीच सवलत नाही. त्याला स्क्रॅचचा गडी म्हणायचे.

चोपन्न साली विठोजी स्क्रॅचचेच होते. म्हैसूरच्या रस्त्यावरच्या शर्यतीत ते पहिले आले तेव्हा लोकांनी त्यांना सायकलीसकट उचललं होतं. सत्तावन्न साली त्यांना ताप येऊ लागला, खोकला जाईना, आणि फोटो काढल्यावर डाव्या फुप्फुसात क्षय निघाला. वर्षभर ते सॅनेटोरियममध्ये होते. सुया टोचून घेतल्या, कडू पुड्या गिळल्या, बरे झाले. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण बरं झालेल्या माणसाला आजूबाजूचे लोक लगेच बरं होऊ देत नाहीत.

राजाजीनगरच्या ज्या कारखान्यात ते लेथवर काम करायचे, तिथं त्यांना ‘लाईट ड्यूटी’ मिळाली. टूल स्टोअरच्या जाळीमागे बसायचं, कामगारानं पितळी बिल्ला दिला की तो खिळ्याला लावायचा आणि ड्रिल किंवा मापाचं गेज काढून द्यायचं. मीही त्याच कारखान्यात अप्रेंटिस, आणि राहायला त्यांच्याच गल्लीत. लेथचं एखादं जड चक उचलायला ते उठले की दोघे-तिघे धावायचे. “अण्णा, तुम्ही बसा.” घरी तेच. गल्लीतल्या नळावरून त्यांची बायको राजलक्ष्मीअक्का दोन घागरी आणायच्या, एक डोक्यावर आणि एक कमरेवर, आणि विठोजी दारात मोकळ्या हातांनी उभे असायचे. एकदा त्यांनी घागरीला हात लावला तर अक्का म्हणाल्या, “ठेवा खाली. छाती स्वतःची आहे की भाड्यानं आणलीय?”

शर्यतीची सायकल छताच्या कडीला टांगलेली होती, जुन्या लुगड्यात गुंडाळून. एकसष्टच्या उन्हाळ्यात विठोजींनी ती खाली काढली. त्यावर घरात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी अक्कांनी अट घातली.

“एक शर्यत. पुरी केलीत तर मी काही बोलणार नाही. मध्ये कुठं उतरलात, तर सायकल विकायची आणि पुन्हा नाव काढायचं नाही.”

“सरी, कबूल,” विठोजी म्हणाले.

“आईची शपथ?”

“सरी म्हटलं ना.”

अशा वेळी भगवंतरावांनी फळ्यावर शून्य लिहिलं. सवलतींना कंटाळलेल्या माणसाला याहून गोड काय वाटणार? विठोजी त्या दिवशी चिकपेटेतून घरी आले ते शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्क्रॅचच्या गड्यांबरोबर सरावाला गेले. हलसूरच्या तलावापासून जुना मद्रास रस्ता धरायचा, कृष्णराजपुरमपाशी उजवीकडे वळायचं, महादेवपुरा गावातून व्हाइटफील्डला जायचं, तिथल्या गोल मैदानाला वळसा घालून त्याच वाटेनं परत. शर्यतही याच रस्त्यावर होणार होती. विठोजींनी मागच्या चाकाचं सोळा दात्यांचं फ्रीव्हील काढून अठरा दात्यांचं बसवलं होतं. दाते वाढले की पायडल हलकं होतं, पण एका फेरीत सायकल कमी पुढे जाते. त्यांचा जुना जोडीदार रघुजी अजून स्क्रॅचवरच होता. त्यानं ते लगेच पाहिलं.

“काय इंगळे, बायकोची सायकल आणली का?”

“तिची असती तर तू मागे राहिला असतास.”

परतीच्या वाटेवर कृष्णराजपुरमच्या चढापर्यंत विठोजी टिकले. चढावर रघुजी आणि इतर पायडलवर उभे राहिले, आणि पाहता पाहता त्यांच्या पाठी लहान होत गेल्या. विठोजींनी पूर्वीच्या सवयीनं जोर लावला. पाय तयार होते. हवा पुरेना. खोकल्याची उबळ आली, डोळ्यांपुढे काळं झालं, आणि ते सायकलवरून उतरून एका चिंचेच्या झाडाला धरून उभे राहिले.

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. मला सांगितलं, जाळीमागे बसून, एका कामगाराला गेज देता देता. म्हणाले, “शर्यत असती तर आत्ताच संपली असती. शून्यावर सुटलो तर मी त्यांच्या चाकाला चिकटायला जाणार. मला माझा स्वभाव माहीत आहे. आणि त्याच चढावर उतरणार.”

“मग मिनिटं मागून घ्या ना.”

त्यांनी गेजचा बिल्ला खिळ्याला लावला. कारखान्यात, घरात, गल्लीत त्यांना सवलत न मागता मिळत होती आणि नको होती. जगात एकच जागा अशी होती जिथं ती कोणी देत नव्हतं, आणि तिथं ती तोंडानं मागायची होती.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ते दुकानात गेले. मी ब्रेकचे रबर घ्यायच्या निमित्तानं बरोबर होतो. रघुजी बाकावर बसून कॉफी पीत होता.

“अण्णा, माझ्यापुढचं शून्य पुसा,” विठोजी म्हणाले.

भगवंतराव चाकाच्या तारा आवळत होते. त्यांनी वर पाहिलं. “का? तू चॅम्पियन आहेस. तुला खाली टाकलं तर लोक मला विचारतील.”

“मान ठेवलात, बरं वाटलं. पण दम कुठून आणू?”

“बरं, तीन देतो. तीन मिनिटांत अब्रू जात नाही.”

“नऊ द्या.”

बाकावरून रघुजी म्हणाला, “नऊ? मग मला उशिरा सोडा अण्णा, मी घरी जेवूनच निघतो.”

“नऊ म्हणजे लिमिट आहे, विठोजी,” भगवंतराव हळू म्हणाले. “सगळ्यांत पहिला गट. तिथं उद्या एकच माणूस आहे. महादेवपुऱ्याचा दूधवाला. साधी सायकल, कॅरियर काढून आणतो म्हणाला.”

“मग त्याला सोबत झाली.”

भगवंतरावांनी तारा आवळायची किल्ली खाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं शून्य पुसलं आणि नऊ लिहिला. रघुजीनं पुढे थट्टा केली नाही. त्यानं आणखी एक कॉफी मागवली आणि कप विठोजींच्या हातात दिला. आजारानंतर विठोजींना बाहेर लोक खाणं-पिणं पानाच्या द्रोणात नाहीतर वेगळ्या पेल्यात द्यायचे. हा दुकानातलाच कप होता.

रविवारी सकाळी हलसूरच्या तलावावर धुकं होतं. दूधवाल्याचं नाव शिवाप्पा. आडव्या बांध्याचा, लुंगी वर खोचलेला, सायकल म्हशीसारखी जड. तो रोज पहाटे महादेवपुऱ्याहून छावणीत दूध घालायचा, म्हणून अर्धा रस्ता त्याला तोंडपाठ होता. भगवंतरावांनी शिटी वाजवली आणि दोघे निघाले. शिवाप्पानं सुरुवातीलाच इतका जोर लावला की विठोजींना ओरडावं लागलं.

“स्वल्प हळू. एवढ्या घाईत कुठं?”

“अण्णा, शर्यत आहे ना?”

“व्हाइटफील्डला जाऊन परत यायचंय. मी पुढे होतो, तू माझ्या मागच्या चाकाजवळ राहा. हातभर अंतर ठेव. वारा मला लागेल, तुला लागणार नाही. मग तू पुढे ये, मी मागे.”

शिवाप्पानं करून पाहिलं आणि हसला. “खरंच हलकं लागतं. इतकी वर्षं माझ्या मागे नुसते कॅन होते, त्यांनी कधी सांगितलं नाही.”

मला ही गोष्ट पुस्तकातून ठाऊक होती. सायकलस्वाराची बरीच ताकद रस्त्यापेक्षा हवा ढकलण्यात जाते. पण पुस्तकात शिवाप्पाची पाठ नव्हती. त्या पाठीमागे, विठोजी सांगतात, घरात बसल्यासारखं होतं. महादेवपुऱ्यात शिवाप्पाच्या गल्लीतले लोक रस्त्यावर आले होते. कोणीतरी कन्नडमध्ये विचारलं, “शिवाप्पा, आज दूध नाही का?” तो म्हणाला, “आज पाणीच पाणी आहे, अंगावर.” व्हाइटफील्डच्या बंगल्यांमधून अँग्लो-इंडियन म्हातारे चर्चला निघाले होते. त्यांनी टोप्या उचलल्या. गोल मैदानाला वळसा पडला तेव्हा मागे अजून कोणी दिसत नव्हतं.

परतताना वारा समोरून आला. कृष्णराजपुरमच्या अलीकडे मधला गट, सात-आठ जण, त्यांना गाठून पुढे गेला. रस्ता पुन्हा चढू लागला आणि विठोजींच्या छातीत ती ओळखीची खरखर सुरू झाली. चिंचेचं झाड दिसत होतं. उबळ आली. त्यांचा पाय पायडलवरून सुटला.

“तू जा,” ते शिवाप्पाला म्हणाले. “त्यांना धर. तुझ्यात ताकद आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी येतो मागून.”

“उतरणार नाही ना?” शिवाप्पाला अक्कांची अट ठाऊक नव्हती. तो आपल्या अनुभवाचं बोलत होता. “चढावर उतरू नका अण्णा. एकदा उतरलं की मग ढकलावी लागते, आणि ढकलायची सायकल चालवायच्या सायकलीहून जड असते. हळू चालवा. माझी म्हैससुद्धा चढते.”

तो पुढे गेला नाही. समोर राहिला आणि मुद्दाम हळू चालवू लागला, दूध हिंदकळू नये म्हणून चालवतो तशी. विठोजींनी पाय पुन्हा पायडलवर घेतला. ते उभे राहिले नाहीत. बसूनच, शिवाप्पाच्या पाठीकडे बघत, श्वास पुरेल तेवढंच दाबत राहिले. हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. पूर्वीच्या विठोजींना चढ म्हणजे भांडण वाटायचं. त्या दिवशी त्यांनी भांडण केलं नाही. चिंचेचं झाड बाजूनं गेलं. उबळ आली, थुंकले, त्यात रक्त नव्हतं, आणि रस्ता सपाट झाला.

हलसूर मैलभर राहिलं तेव्हा स्क्रॅचचे गडी आले. आधी टायरांचा आवाज, मग रघुजीचा. “इंगळे, जेवून आलो.”

“मग चल, पचव,” विठोजी म्हणाले, आणि शिवाप्पाला म्हणाले, “आता यांची पाठ धर. सोडू नकोस.”

शिवाप्पानं धरली. विठोजींनीही धरली. मी तलावाच्या कट्ट्यावर उभा होतो. मधल्या गटालाही पोटात घेऊन वळणावरून घोळका आला तेव्हा त्यात चकचकीत बारीक सायकलींच्या मधोमध एक काळी म्हैस होती, आणि तिच्या मागे अठरा दात्यांवर भराभर पाय फिरवणारा माणूस. शेवटच्या टप्प्यात सगळे सुटले तेव्हा विठोजी मागे पडले. ते नववे आले. शिवाप्पा तिसरा. त्याला बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. तो त्यानं उलटा करून पाहिला आणि विचारलं, “यात गिऱ्हाईकाला किती वेळ ताजं म्हणून सांगता येईल?”

विठोजी सायकलवरून सावकाश उतरले. पाठीवर कोणी हात ठेवला नाही, पाणी घेऊन कोणी धावलं नाही. सगळे शिवाप्पाभोवती होते. विठोजी तलावाच्या कट्ट्यावर बसून धापा टाकत होते आणि त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

आठवड्यानं आम्ही दुकानात गेलो तेव्हा पुढच्या शर्यतीचा फळा तयार होता. विठोजींच्या नावापुढचा नऊ पुसून सात केला होता.

“अण्णा, दोन मिनिटं गेली,” मी म्हणालो.

“गेली नाहीत. कापली,” भगवंतराव म्हणाले. “चालवता येतं त्याची कापतो. शिवाप्पाची चार कापली आहेत, तो माझ्याशी भांडून गेला.”

विठोजींनी फळ्यावरचा सात पुन्हा एकदा वाचून घेतला. मग राजाजीनगरला परतताना रस्ताभर माझ्या पुढे चालवत राहिले. मला वारा लागला नाही.

गल्लीच्या तोंडाशी नळाला पाणी आलं होतं. राजलक्ष्मीअक्का घागरी भरत होत्या. विठोजींनी सायकल भिंतीला टेकवली.

“पुढच्या शर्यतीत माझी दोन मिनिटं कापली.”

अक्कांनी नळ बंद केला. “का? काय चूक केलीत?”

“चूक नाही. तिथं बढती अशीच देतात.”

त्यांना ते कितपत पटलं सांगता येत नाही. पहिली घागर त्यांनी डोक्यावर घेतली. दुसरीकडे वाकल्या, थांबल्या, आणि ती पायानं जराशी विठोजींकडे सरकवली.

“काठोकाठ आहे,” त्या म्हणाल्या. “उंबऱ्याशी सांडू नका.”

कारखान्यात विठोजी अजून जाळीमागेच आहेत. लेथवर परत घ्या म्हणून त्यांनी दोनदा विचारलंय आणि तिसऱ्यांदा विचारणार आहेत. मागायची लाज आता त्यांना राहिलेली नाही. सोळा दात्यांचं फ्रीव्हील घरात खिळ्याला टांगलेलं आहे. परवा गेलो तेव्हा ते त्याला तेल देत होते.