कॅरमबोर्डासमोरचे अप्पा

मार्गशीर्षातल्या रविवारी परळच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत कोवळं ऊन तिरपं उतरतं, कुणाकडे तरी सुकटीत कांदा पडलेला असतो, आणि त्या वासातूनच स्ट्रायकर सोंगटीवर आदळल्याचा तो टणक, स्वच्छ आवाज येतो. तो ऐकला की आजही मी हातातलं काम टाकून गॅलरीत धावते. साठीला टेकलेल्या बाईला हे शोभत नाही, पण शोभण्याचा विचार मी केव्हाच सोडला आहे!

माझे वडील, अप्पा, गोदीच्या कचेरीतले निवृत्त कारकून आणि चाळीच्या कॅरमचे अनभिषिक्त सम्राट. त्यांचे जोडीदार माझगावचे लॉरेन्सकाका, त्याच कचेरीतले. मागच्या स्पर्धेत, भर अंतिम सामन्यात, अप्पांनी दोन कडांना आपटवून असा काही अद्भुत फटका मारला की बघणाऱ्यांचे श्वास अडकले आणि सोंगटी अलगद पॉकेटात उतरली. ती प्रतिस्पर्ध्यांची शेवटची सोंगटी होती, म्हणजे सामना त्यांच्याच पदरात पडला. आपल्या काळ्या की पांढऱ्या, हेच अप्पा विसरले होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना खाली घातल्या आणि त्या समजूतदारपणानेच माझा बाप खचला.

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवण अर्धं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विस्मरण अजून सौम्य आहे, पण त्याच्या धास्तीने आणि शरमेने मन काळोखलं आहे; हा आजार आहे, नुसतं वय नव्हे. गोळ्या सुरू झाल्या. माणसांत ठेवा, असंही ते म्हणाले. पण माणसांत यायलाच तर अप्पा भीत होते.

परवाच्या रविवारी चर्चमधून परस्पर लॉरेन्सकाका आले. अप्पांची मनधरणी वगैरे काही नाही. गॅलरीत बोर्ड मांडला, पावडर भुरभुरली आणि समोर मला बसवलं. मी कॅरम इतका वाईट खेळते की सोंगट्यांनाही माझी दया यावी. तिसऱ्याच फटक्याला स्ट्रायकर थेट पॉकेटात गेला, आणि आतून, कित्येक आठवड्यांनी, खणखणीत आवाज आला, “अगं, धोपटतेस काय? ऊठ तिथून!”

मी उठले म्हणण्यापेक्षा उडालेच. अप्पा बसले. बोटांनी स्ट्रायकर जागेवर सरकवला, नेम धरला, आणि हात थांबला. नजर काळ्यांवरून पांढऱ्यांवर, पांढऱ्यांवरून पुन्हा काळ्यांवर. मला कळलं. माझ्या ओठांवर उत्तर येऊन ठेपलं होतं. आत्ता हे उठून गेले तर पुन्हा येणार नाहीत, एवढंच मनात घुमत होतं. काकांनी डोळ्यांनीच मला दटावलं.

“लॉरेन्स,” अप्पा अगदी हळू म्हणाले, “माझ्या कुठल्या रे? काळ्या की पांढऱ्या?”

“काळ्या, वसंत. आणि बिनधास्त विचार ना परत. मी कुठं पळून चाललोय?”

फटका चुकला. खरंच चुकला, सोंगटी पॉकेटाच्या काठाशी अडून राहिली; तरी आनंदाने मी टाळ्या पिटल्या. इतके दिवस आम्ही सगळे अप्पांना काय आठवतं आणि काय नाही याचीच परीक्षा घेत बसलो होतो. त्यांनी विचारणंच सोडून दिलं होतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

काकांचा फटका झाला. अप्पा पुढे सरसावले, आणि साऱ्या गॅलरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी पुन्हा विचारलं, “माझ्या कुठल्या रे?”