आई रडली नव्हती

नापिकीची वर्षं होती. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडच्या गावात पेपरवाले गाड्या करून यायचे. त्यातल्या एकाने अंधाऱ्या माजघरात आईचा फोटो काढला. मांडीवर माझी भाची होती आणि तिच्या बोबड्या बोलण्यावर दोघी हसत होत्या.

रविवारी फोटो रंगीत छापून आला. भाचीला वगळून, आईचे हसरे ओठ कापून तिचे नुसते डोळे ठेवले होते. बाहुल्या लालभडक. खाली लिहिलं होतं, ‘रडून रडून लाल झालेले डोळे.’

"मी कई रडली?" आई म्हणाली. "मले रडकी काहून केलं यानं?"

मी तडक अमरावतीला त्या पेपरच्या कचेरीत गेलो. तिथल्या उपसंपादकाला सांगितलं, "रडल्यावर डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, बाहुली नाही. अंधारात बाहुली मोठी होते. फ्लॅशचा उजेड तिच्यातून आत जातो आणि मागच्या पडद्यातल्या रक्तामुळे लाल होऊन परत येतो. फ्लॅश लेन्सजवळच असला की तो थेट फोटोत उतरतो. मूळ फोटोतल्या पोरीचे डोळे बघा."

त्याने बघितले. तेही लालच होते.

"असू द्या," तो म्हणाला, "वाचकांना भिडला ना फोटो."

दुरुस्ती त्याने छापली नाही. आजही डोकं तापतं. माझ्या आईने कधी रडायचं, हे तो कोण ठरवणार?

पुढे दुसरा पेपरवाला आला, तेव्हा आई अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली.

"इथं काढा," ती म्हणाली, "अन् सारं तोंड येऊ द्या."

त्याने फोटो काढला. तो कुठेच छापून आला नाही.